रिकाम्या मात्रेचा प्रवास : रेगेचा जागतिक प्रसार आणि दिल्लीतील त्याचे रूप

१. प्रश्नाची मांडणी

तीस लाखांहूनही कमी लोकवस्तीच्या जमैका या बेटावर १९६८ च्या सुमारास एका गानप्रकाराला 'रेगे' हे नाव मिळाले. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत तो लंडन, आबिजान, ऑकलंड आणि साल्वादोर अशा परस्परांपासून दूरच्या शहरांत पोचला, आणि तेथील लोक तो आपलाच मानून गाऊ लागले. २०१८ मध्ये युनेस्कोने जमैकाच्या रेगे संगीताचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या घटनेत रस वाटावा याचे कारण उघड आहे. एखादी मौखिक, गेय आणि शोषितांच्या वस्तीत जन्मलेली रचनापद्धती आपली भाषा आणि आपला भूगोल ओलांडून कशी जाते, आणि तशाच दुसऱ्या पद्धती का जात नाहीत, हा प्रश्न 'जागतिक साहित्य' या संकल्पनेच्या मुळाशी भिडणारा आहे.

मराठी अभ्यासकाला तर हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. सत्यशोधक जलसा, आंबेडकरी जलसा आणि लाल बावट्याची शाहिरी या परंपरा आशयाने व सामाजिक स्थानाने रेगेच्या सख्ख्या वाटाव्यात अशा आहेत. पण त्यांचा आवाज महाराष्ट्राच्या सीमेबाहेर फारसा गेला नाही. रेगेच्या प्रसाराचे श्रेय बहुधा बॉब मार्लीच्या प्रतिभेला आणि ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या व्यापारकौशल्याला दिले जाते. ही दोन्ही कारणे खरी असली तरी अपुरी आहेत. रेगेच्या रूपातच दुसऱ्याने येऊन बोलावे अशी एक जागा रिकामी ठेवलेली आहे आणि त्या जागेमुळेच त्याचा प्रवास शक्य झाला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. दिल्लीतील रेगेचा अनुभव हे त्याचे अलीकडचे आणि आपल्या निकटचे प्रमाण होय.

२. रूपाची घडण

रेगेच्या आधी जमैकात स्का (१९५० च्या दशकाची अखेर) आणि रॉकस्टेडी (१९६६-६८) हे दोन प्रकार होऊन गेले. दोन्हींत गिटारचा किंवा पियानोचा आघात मुख्य मात्रांवर न पडता त्यांच्या अधल्यामधल्या मात्रांवर पडतो. रेगेने लय संथ केली, चालीचा भार बेस गिटारकडे सोपवला आणि 'वन ड्रॉप' या नावाने ओळखला जाणारा ठेका रूढ केला. या ठेक्यात चार मात्रांपैकी पहिली मात्रा ढोलाने रिकामी सोडली जाते आणि वजन तिसऱ्या मात्रेवर येते. समेवर येऊन दाद घेणाऱ्या आपल्या कानाला हा अनुभव चमत्कारिक वाटतो. जेथे सम अपेक्षावी तेथे येथे काहीच नसते.

दुसरी रिकामी जागा ध्वनिमुद्रणाच्या तंत्रात आहे. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत नाचाच्या कार्यक्रमांसाठी वादक परवडत नसत. १९५० च्या दशकात कॉक्सन डॉड, ड्यूक रीड यांसारख्या व्यावसायिकांनी मोठमोठे कर्णे, अ‍ॅम्प्लिफायर आणि तबकड्या घेऊन मोकळ्या अंगणात संगीत वाजवण्यास सुरुवात केली. याला 'साउंड सिस्टिम' म्हणत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तबकडीच्या एका बाजूला गाणे आणि दुसऱ्या बाजूला त्याच गाण्याचे गायकाचा आवाज वगळलेले रूप देण्याची पद्धत पडली. या दुसऱ्या बाजूला 'व्हर्जन' असे नाव मिळाले. त्या मोकळ्या वाद्यमेळावर साउंड सिस्टिमचा निवेदक हातात ध्वनिक्षेपक घेऊन बोलू, गाऊ, टोमणे मारू लागे. यू-रॉय या निवेदकाने १९७० मध्ये अशा बोलण्याच्या तबकड्या काढल्या आणि त्या मूळ गाण्यांहून लोकप्रिय ठरल्या. रेडिओ व अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीच्या कामात मुरलेल्या किंग टबी या तंत्रज्ञाने याच मुद्रणांतून आवाज काढून, परत आणून, प्रतिध्वनीत विरवून 'डब' हा स्वतंत्र प्रकार घडवला. मूळ किंग्स्टनचाच असलेला कूल हर्क हा तरुण साउंड सिस्टिमची ही रीत न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात घेऊन गेला आणि १९७३ मध्ये तेथे हिपहॉपची सुरुवात झाली.

३. 'रिडिम' आणि 'चाल'

रेगेत एकाच वाद्यमेळावर, म्हणजे 'रिडिम'वर, अनेक गायक आपापली गाणी रचतात. १९६७ चा 'रिअल रॉक' किंवा १९८५ चा, कॅसिओच्या छोट्या यंत्रावर बेतलेला 'स्लेंग टेंग' हे रिडिम शेकडो गाण्यांचा पाया झाले आहेत. स्वामित्वाच्या पाश्चात्त्य कल्पनेला ही पद्धत बुचकळ्यात टाकते. मराठी वाचकाला मात्र ती परकी वाटू नये. आपल्याकडे पदावर 'चाल' लिहिण्याचा प्रघात जुना आहे. संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर चालीचा निर्देश असे. आंबेडकरी जलसाकारांनी आणि पुढे भीमगीते रचणाऱ्या कवी-गायकांनी तमाशातील, भजनातील आणि चित्रपटातील लोकांच्या ओठी रुळलेल्या चाली घेऊन त्यांत नवा आशय भरला. चाल ओळखीची असल्यामुळे श्रोत्याचे लक्ष थेट शब्दांकडे जाई. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्या गीतांच्या गावोगावच्या प्रसारात या यंत्रणेचा वाटा मोठा आहे.

साम्य येथेच संपत नाही. दोन साउंड सिस्टिम समोरासमोर उभ्या करून श्रोत्यांच्या कौलाने हारजीत ठरवण्याच्या जमैकन 'क्लॅश'ला आपल्या कलगी-तुऱ्याच्या फडात सहज जागा सापडेल. प्रतिपक्षाला कोड्यात पकडणे, त्याचे शब्द त्याच्यावरच उलटवणे आणि श्रोत्यांना पंच मानणे ही दोन्हीकडची लक्षणे आहेत.

भेद मात्र महत्त्वाचा आहे. मराठी जलशात चाल प्रवास करीत असली तरी ती शब्दांच्या सेवेत असते, आणि शब्द मराठीच्या हद्दीत राहतात. जमैकात चालीचे, ठेक्याचे आणि वाद्यमेळाचे असे स्वतंत्र, आवाजविरहित रूप तबकडीवर कोरले गेले आणि बाजारात विकले गेले. भाषा न येणाऱ्यालाही ते विकत घेता येत होते आणि त्यावर आपल्या भाषेत बोलता येत होते.

४. प्रसाराची तीन साधने

पहिले साधन स्थलांतराचे. २२ जून १९४८ रोजी 'एम्पायर विंडरश' हे जहाज शेकडो कॅरिबियन प्रवाशांना घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्याला लागले. पुढील दीड दशकात जमैकन कामगारांच्या वस्त्या लंडन, बर्मिंगहॅम आदी शहरांत उभ्या राहिल्या. साउंड सिस्टिमही त्यांच्याबरोबर आली. १९६८ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या 'ट्रोजन' या कंपनीने जमैकन तबकड्या ब्रिटिश कामगार तरुणांपर्यंत नेल्या. तिच्या संस्थापकांपैकी ली गॉपथल हे भारतीय वंशाचे जमैकन होते. १८४५ ते १९१७ या काळात भारतातून सुमारे ३६ हजार मजूर करारावर जमैकात नेले गेले. रेगेच्या इतिहासात त्यांचे ठसे अनपेक्षित ठिकाणी आढळतात. 'गांजा' हा शब्द जमैकन बोलीत त्यांच्याबरोबरच पोचला. रास्ताफारी पंथाचे आद्य प्रचारक लिओनार्ड हॉवेल यांनी आपली १९३० च्या दशकातील पुस्तिका जी. जी. मराघ या, 'महाराज' शब्दाची छाया असलेल्या टोपणनावाने प्रसिद्ध केली. रास्ताफारी आचारावरील हिंदू प्रभावाविषयी काही अभ्यासकांनी केलेली मांडणी वादग्रस्त आहे. पण ही देवघेव नुसती कल्पित नव्हती, एवढे या दोन गोष्टींवरून निश्चित म्हणता येते.

दुसरे साधन भांडवलाचे. 'आयलंड' कंपनीचे ख्रिस ब्लॅकवेल यांनी मार्ली व त्याच्या सहकाऱ्यांचा 'कॅच अ फायर' (१९७३) हा संच बाजारात आणताना जमैकातील मूळ मुद्रणावर लंडनमध्ये रॉकच्या धर्तीची गिटार व कळवाद्ये चढवली. १९७४ मध्ये एरिक क्लॅप्टनने मार्लीचे एक गाणे गाऊन अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेले. येथे रिकाम्या जागेचा दुसरा, कमी सुखावह उपयोग दिसतो : ती जागा बाजारही भरू शकतो.

तिसरे साधन रूपकाचे. रास्ताफारी विचाराने बायबलमधील निर्वासनाची कथा उचलून तिला नवा अर्थ दिला. गुलामगिरीत नेलेले आफ्रिकी म्हणजे निर्वासित इस्रायली, पाश्चात्त्य सत्ता म्हणजे बॅबिलॉन आणि इथिओपिया म्हणजे झायन. ही रूपके मिशनऱ्यांनीच जगभर पोचवली होती. आता ती त्यांच्याच राज्यकर्त्यांवर उलटली. भाषेचेही असेच झाले. जुलूम या अर्थाच्या 'ऑप्रेशन' शब्दाच्या आरंभी 'अप' म्हणजे 'वर' असा ध्वनी ऐकू येतो, आणि जुलूम तर खाली दाबतो. म्हणून रास्तांनी 'डाउनप्रेशन' हा शब्द घडवला. प्रस्थापित भाषेला आतून तोडून पुन्हा जोडण्याची ही रीत दलित कवितेच्या वाचकाला नवी नाही.

रूपकांच्या प्रवासात काय गळते याचे बोलके उदाहरण 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' या गाण्याचे आहे. मेलडियन्स या जमैकन चमूने १९७० मध्ये १३७ व्या स्तोत्रावर आधारलेले हे गाणे गायले, तेव्हा ईश्वराच्या जागी रास्ताफारी नामे घातली होती. १९७८ मध्ये 'बोनी एम' या जर्मनीस्थित चमूने ते नृत्यसंगीतात आणताना ती नामे काढून मूळ बायबलची शब्दकळा परत बसवली. गाणे जगभर गेले, पण ज्या नामांतरामुळे ते रचले गेले होते ते नामांतर मागे राहिले. भाषांतराभ्यासात याहून नेमके उदाहरण शोधूनही सापडणे कठीण आहे.

५. स्थानिक रूपे

जेथे रेगे केवळ ऐकला गेला नाही, तर रचला गेला, तेथे त्याला स्थानिक अन्यायाचा आणि स्थानिक गानपरंपरेचा आधार मिळालेला दिसतो. आयव्हरी कोस्टच्या अल्फा ब्लाँडीने १९८२ मध्ये द्युला भाषेत पोलिसी मारहाणीवर गाणे केले. झिंबाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यात एप्रिल १९८० मध्ये मार्ली स्वतः गायला. न्यूझीलंडमध्ये १९७९ च्या त्याच्या कार्यक्रमानंतरच्या काळात माओरी व पॅसिफिक बेटांवरील कलावंतांनी जमिनीच्या हक्कांसाठी रेगे वापरला. ब्राझीलच्या साल्वादोरमध्ये सांबा आणि रेगे यांचे मिश्रण झाले.

मराठी अभ्यासकाने विशेष थांबावे ते मॉरिशसपाशी. रत्नागिरी, सावंतवाडी या भागांतून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज तेथे आजही आहेत आणि कोकणच्या जाखडीशी नाते सांगणारी 'झाकरी' ते जपतात. त्याच बेटावर आफ्रिकी गुलामांच्या 'सेगा' या गायननृत्यात रेगे मिसळून १९८० च्या दशकात 'सेगे' हा प्रकार जन्मला. त्याचा प्रमुख गायक काया याचा फेब्रुवारी १९९९ मध्ये पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि बेटावर दंगली उसळल्या. एकाच बेटावर गुलामांच्या वंशजांनी रेगेशी नाते जोडले आणि करारबद्ध मजुरांच्या वंशजांनी प्रामुख्याने आपापल्या मूळ प्रांतांच्या परंपरा सांभाळल्या. ज्याला परतण्याचा देश स्मृतीतून पुसला गेला आहे त्याला दुसऱ्याच्या निर्वासनकथेत आपली कथा सापडते. ज्याच्यापाशी गावाचे नाव शिल्लक आहे तो त्या गावाचे गाणे धरून ठेवतो. हा नियम म्हणून मांडणे धाडसाचे होईल, तरी त्याची दिशा विचार करण्यासारखी आहे.

६. दिल्ली

भारतात रेगेचा पहिला व्यापक परिचय १९९० च्या दशकात झाला, तोही ब्रिटनमार्गे. बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात वाढलेल्या, पंजाबी कुटुंबातील 'अपाचे इंडियन' याने जमैकन उच्चार आणि पंजाबी शब्द एकत्र करून ठरवून केलेल्या लग्नांसारखे घरगुती विषय रेगेत आणले. रेगेची सामूहिक आणि सातत्याची चळवळ मात्र दिल्लीत २००९ च्या सुमारास उभी राहिली. त्या वर्षी 'रेगे राजाज' हा साउंड सिस्टिमच्या धर्तीचा गट आणि 'स्का व्हेंजर्स' हा वाद्यवृंद, असे दोन्ही दिल्लीत सुरू झाले. हौज खास व्हिलेजसारख्या ठिकाणच्या क्लबांत त्यांचा श्रोतृवर्ग घडला. २०१६ पासून रेगे राजाजच्या पुढाकाराने गोव्यात 'गोवा सनस्प्लॅश' हा रेगे महोत्सव भरू लागला.

या चळवळीवर घेतला जाणारा आक्षेप सहज सुचणारा आहे. किंग्स्टनच्या झोपडवस्तीतील संगीत दक्षिण दिल्लीच्या इंग्रजी बोलणाऱ्या, सुस्थित तरुणांच्या हाती आल्यावर त्यातील बॅबिलॉन कोण आणि निर्वासित कोण? आक्षेपात तथ्य आहे. क्लबच्या प्रवेशदारावरचे शुल्कच श्रोत्यांची निवड करते. परंतु दिल्लीतील दोन प्रयत्नांनी या आक्षेपाला गायनाच्या पातळीवर उत्तर देऊ पाहिले, आणि म्हणून त्यांची नोंद आवश्यक आहे.

पहिला प्रयत्न 'व्हर्जन'च्या परंपरेतला. स्का व्हेंजर्सचे गायक तरु दालमिया 'दिल्ली सल्तनत' या नावाने गातात. या वाद्यवृंदाने २०१४ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात एका जुन्या गाण्याला नवे शब्द देऊन ते नरेंद्र मोदी यांना उद्देशून गायले. मूळ गाणे डँडी लिव्हिंगस्टन यांचे, १९६७ चे. वाया जाणाऱ्या तरुणाला ते समज देते. १९७९ मध्ये कॉव्हेंट्रीच्या 'स्पेशल्स' या गोऱ्या-काळ्यांच्या मिश्र चमूने ते वर्णद्वेषाच्या वातावरणात पुन्हा गायले. दिल्लीत संबोधित व्यक्ती बदलली. राजकीय मताशी कोणी सहमत असो वा नसो, रचनेच्या दृष्टीने हे नेमके तेच आहे जे जलसाकार करीत आला : चाल ओळखीची, पत्ता नवा.

दुसरा प्रयत्न अधिक खोलवरचा. पंजाबच्या मानसा जिल्ह्यातील दलित शेतमजूर कार्यकर्ते व गायक बंत सिंग यांच्यावर जानेवारी २००६ मध्ये जीवघेणा हल्ला झाला. त्यात त्यांचे दोन्ही हात आणि एक पाय गेला. आवाज राहिला, आणि ते गात राहिले. संत राम उदासी (१९३९-१९८६) या दलित क्रांतिकारी कवीची गीते त्यांच्या गायनाचा कणा आहेत. त्यानंतर काही वर्षांनी दालमिया आणि त्यांचे सहकारी मुद्रणसाहित्य घेऊन त्यांच्या गावी गेले आणि बंत सिंग यांच्या आवाजाभोवती रेगे व डबच्या वळणाचा वाद्यमेळ रचला गेला. प्रकल्पाचे नाव 'वर्ड साउंड पॉवर' असे होते. शब्द, ध्वनी आणि सामर्थ्य यांची ही त्रयी मूळ रास्ताफारी विचारातील आहे; उच्चारलेल्या शब्दात कृतीचे बळ असते असा तिचा आशय. शब्दालाच धन आणि शस्त्र मानणाऱ्या वारकरी परंपरेत वाढलेल्या वाचकाला तिचे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही.

या प्रकल्पात रिकामी जागा कोणाला मिळाली हे महत्त्वाचे. दिल्लीच्या कलावंतांनी शोषिताविषयी गाण्याऐवजी, ज्याच्यापाशी स्वतःची गानपरंपरा आहे अशा शोषिताच्या आवाजासाठी वाद्यमेळात जागा केली. येथे रेगे पंजाबी झाला, आणि त्यासाठी बंत सिंग यांना जमैकन व्हावे लागले नाही.

पुढे दालमिया व सहकाऱ्यांनी लोकवर्गणीतून 'बास फाउंडेशन रूट्स' ही प्रत्यक्ष साउंड सिस्टिम उभी केली. हेतू असा की संगीत क्लबच्या भिंतींतून उघड्यावर यावे. उघड्यावरच्या कर्ण्यांचा प्रश्न आपल्याकडे केवळ कलेचा नाही. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधन आहे आणि सार्वजनिक ध्वनीला परवानगी लागते. जागरण, मिरवणूक, जयंती आणि निवडणूक यांचे कर्णे रस्त्यावर परिचित आहेत. कोणत्याही उत्सवाचा वा पक्षाचा नसलेला कर्णा मात्र प्रशासनाला आणि शेजाऱ्यांनाही अनोळखी असतो. किंग्स्टनचे मोकळे अंगण दिल्लीत सहज मिळत नाही, ही या प्रसाराची मर्यादा होय.

७. जलसा आणि रेगे : काही निष्कर्ष

१९७२ हे वर्ष येथे लक्षात घेण्याजोगे आहे. त्या वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी 'द हार्डर दे कम' या चित्रपटाने किंग्स्टनच्या वस्तीचे दर्शन आणि तिचे संगीत जगापुढे ठेवले. लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये शाळकरी वयातच ब्लॅक पँथर चळवळीत दाखल झालेला लिंटन क्वेसी जॉन्सन रेगेच्या लयीत कविता लिहून 'डब पोएट्री'चा प्रवर्तक ठरला. पँथर या एकाच नावापासून प्रेरणा घेतलेल्या या दोन काव्यपरंपरा समकालीन आहेत, दोन्हींनी बोलीला काव्यभाषेचा मान दिला. आणि तरीही त्यांची भेट झाली नाही.

ती का झाली नाही याचे उत्तर वरील विवेचनात आहे. जलशाला स्थलांतरितांची वस्ती परदेशात मिळाली नाही, साम्राज्याची भाषा मिळाली नाही आणि ध्वनिमुद्रणाचे भांडवल फार उशिरा व तुटपुंजे मिळाले. भीमराव कर्डकांनी १९७८ मध्ये आंबेडकरी जलशांविषयी ग्रंथ लिहून त्यांची स्मृती राखली. पण १९३० च्या दशकातील जलशांचा प्रत्यक्ष ध्वनी आपल्यापाशी जवळजवळ नाहीच. पुस्तिकांत शब्द आहेत, वर 'चाल' लिहिली आहे, आणि ती चाल ज्यांच्या ओठी होती त्या पिढ्या सरल्या आहेत. जमैकात शब्द गेले तरी वाद्यमेळ उरतो; आपल्याकडे शब्द उरले आणि बाकीचे गेले.

यावरून जलसा उणा ठरत नाही. एखाद्या रूपाचा प्रसार हा त्याच्या गुणवत्तेचा दाखला नसून त्याच्या वाहनांचा दाखला असतो, एवढेच रेगेच्या इतिहासाने सिद्ध होते. जागतिक साहित्याची व्याख्या केवळ अभिसरणावर बेतली, तर ज्यांना वाहने मिळाली नाहीत अशा रचना आपोआप स्थानिक ठरतात, आणि स्थानिक म्हणजे दुय्यम हा समज बळावतो. दुसरीकडे, बंत सिंग यांच्या प्रकल्पाने हेही दाखवले आहे की दुरून आलेले रूप जवळच्या उपेक्षित परंपरेला वाहन पुरवू शकते. वामनदादांच्या, अण्णा भाऊंच्या आणि अनामिक जलसाकारांच्या रचना ज्यांना अजून चालीसह म्हणता येतात असे गायक महाराष्ट्राच्या वस्त्यांत आहेत. त्यांचे गायन चालीसकट, श्रोत्यांच्या प्रतिसादासकट मुद्रित करून ठेवणे हे मराठी अध्यासनांचे आणि तौलनिक साहित्य विभागांचे तातडीचे काम आहे. कारण उद्याच्या एखाद्या गायकाला 'व्हर्जन' करावयाचे झाले, तर त्याला आधी मूळ आवाज ऐकू यावा लागेल.